‘हो, पैसे द्या’ असं कोण म्हणालं? सायबर सुरक्षेचा अर्थ समजून घेताना

११ ऑगस्ट २०१८. महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे बँकांना सुट्टी. त्या दुपारपासून कोल्हापुरात, देशातल्या इतर काही शहरांत आणि परदेशांत ठिकठिकाणी माणसं एटीएमसमोर उभी राहून एकामागून एक कार्डं घालत होती आणि नोटा काढत होती. कार्डं पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची वाटत होती, पण बँकेने ती कुणालाही दिलेली नव्हती. चोरलेल्या माहितीवरून बनवलेल्या त्या नकला होत्या. काही तासांत २८ देशांमधून सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये निघाले. भारतातल्या एटीएममधून २,८४९ व्यवहारांत आणखी अडीच कोटी गेले. मधला रविवार उलटला आणि सोमवारी, १३ ऑगस्टला, बँका एकमेकींना पैशांचे निरोप ज्या ‘स्विफ्ट’ व्यवस्थेतून पाठवतात तिच्यातून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधल्या एका कंपनीच्या खात्यावर पोचले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

ही बँक १९०६ सालची. पानशेतचा पूर पाहिलेली. गणेशखिंड रस्त्यावरच्या तिच्या मुख्यालयात त्या दिवशी कुणी कुलूप तोडलं नाही, तिजोरीजवळ कुणी फिरकलं नाही. मग पैसे गेले कसे? या एका प्रश्नाचं उत्तर नीट कळलं तर सायबर सुरक्षा म्हणजे काय हे बरंचसं कळतं. म्हणून जरा थांबून ते पाहू.

एटीएम स्वतः काहीच ठरवत नाही. कार्ड घातलं, पिन दाबला, दहा हजार मागितले की ते यंत्र फक्त एक प्रश्न पुढे पाठवतं: या कार्डावर दहा हजार देऊ का? तो प्रश्न व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यातून फिरत कार्ड देणाऱ्या बँकेपर्यंत जातो. बँकेत तो आधी ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेकडे येतो. स्विच तो कोअर बँकिंगला, म्हणजे बँकेच्या मुख्य खतावणीला विचारतो. खातं आहे का, शिल्लक पुरेशी आहे का, आजची मर्यादा संपली का, हे तिथे तपासलं जातं आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर त्याच वाटेने परत येतं. ‘हो’ आलं की एटीएम नोटा मोजतं.

जुन्या पतपेढीत खिडकीवरचा रोखपाल मागे वळून हेडक्लार्कला विचारायचा, “देऊ का हो यांना?” हेडक्लार्क लेजर उघडून बघायचा आणि मान हलवायचा. रोखपालाचा त्या मानेवर विश्वास असायचा, लेजर तो स्वतः पाहत नसे. कॉसमॉसमध्ये चोरांनी या हेडक्लार्कच्या जागी स्वतःचा माणूस बसवला. बँकेच्या यंत्रणेत त्यांनी एक घातक प्रोग्रॅम घुसवला आणि खऱ्या स्विचशेजारी एक खोटा स्विच उभा केला. नकली कार्डांचे प्रश्न या खोट्या स्विचकडे जायचे आणि तो लेजर न उघडताच प्रत्येकाला ‘हो, द्या’ म्हणायचा. खतावणीला कुणी विचारलंच नाही. त्यामुळे खातेदारांच्या शिलकीतून एक रुपयाही कमी झाला नाही, सगळा फटका बँकेला बसला. जगभरातली एटीएमं मात्र आपलं काम अगदी चोख करत होती. त्यांना उत्तर आलं होतं आणि उत्तर ‘हो’ होतं.

सायबर सुरक्षा म्हणजे माझ्या मते या प्रश्नोत्तरांची राखण. आपलं सगळं व्यवहारी जग आता अशा न दिसणाऱ्या प्रश्नांवर चालतं. हा माणूस तोच आहे का? हा निरोप खरा आहे का? या रुग्णाचा रक्तगट कोणता? हा कंटेनर कुठल्या जहाजावर चढवायचा? प्रश्न विचारणारं यंत्र, उत्तर देणारं यंत्र, मधली वाट आणि शेवटी बटण दाबणारं माणूस, या सगळ्यांना सांभाळण्याचं ते काम आहे. अँटिव्हायरस हा त्यातला एक छोटा तुकडा.

ही राखण मोडण्याच्या वाटा तीनच. उत्तर भलत्याच्या कानावर जातं, उत्तर कुणीतरी बदलतं किंवा उत्तर मिळेनासंच होतं. पुस्तकांत याला गोपनीयता, अचूकता आणि उपलब्धता म्हणतात. बोलताना आपण बहुतेक पहिलीचीच काळजी करतो, ‘माझी माहिती चोरीला गेली तर’. कॉसमॉसमध्ये मुख्य घाव दुसऱ्या वाटेने बसला. तिसरी वाट किती भयंकर असते ते हॉस्पिटलात कळतं.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समधले सर्व्हर बंद पडले. रॅन्समवेअर, म्हणजे खंडणीखोर प्रोग्रॅमचा हल्ला होता. असा प्रोग्रॅम माहिती उचलून नेतोच असं नाही. तो ती जागच्या जागी कुलूपबंद करतो आणि किल्लीचे पैसे मागतो. देशभरातून आलेल्या रुग्णांची नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, भेटीच्या वेळा, सगळं अनेक दिवस हाताने कागदावर लिहावं लागलं. गावाकडून रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला रांगेत कळतं की मागच्या वेळचे कागद संगणकात आहेत, पण दिसत नाहीत. ही गोष्ट मला ९४ कोटींपेक्षा जास्त अस्वस्थ करते. तिथे एका गोष्टीने वाचवलं: हल्ल्याची झळ न पोचलेल्या एका वेगळ्या बॅकअप सर्व्हरवर माहितीची प्रत होती आणि तिच्यावरून नोंदी परत मिळवता आल्या. बॅकअप हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो, पण तो मूळ यंत्रणेला चोवीस तास जोडलेला असेल तर खंडणीखोर त्यालाही कुलूप घालतो. प्रत वेगळी पाहिजे आणि ती परत उघडते का हे अधूनमधून करून पाहिलेलं पाहिजे. घरातल्या फोटोंनाही हेच लागू आहे.

आपल्या न्हावाशेवाचं उदाहरण तर आणखी विचित्र. २७ जून २०१७ रोजी जेएनपीटी बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनलचं काम विस्कळित झालं आणि माणसांना हाताने नोंदी करत गाडा ओढावा लागला. टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाशी किंवा जेएनपीटीशी हल्लेखोरांचं काही भांडण नव्हतं. त्यांचा रोख युक्रेनवर होता. तिथे कर भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच त्यांनी विष कालवलं. ज्यांनी विश्वासाने अपडेट घेतलं त्यांच्या संगणकांतून ‘नॉटपेट्या’ नावाचा हा प्रोग्रॅम जगभर पसरला. मर्स्कचं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं. कंपनीचं जगभरचं जाळं पुन्हा उभं करायला जी मूळ यादी लागणार होती तिची एकच प्रत शाबूत सापडली, ती घानामधल्या कार्यालयात. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो संगणक जाळ्यातून तुटलेला होता. एवढ्या मोठ्या कंपनीचा जीव एका वीज जाण्याने वाचला.

हे वाचून कुणी म्हणेल, अपडेटच विषारी निघत असतील तर ते घ्यायचेच कशाला? घ्यायचेच. त्याच वर्षीचं मे महिन्यातलं ‘वॉनाक्राय’ हे खंडणीखोर सॉफ्टवेअर आठवा. १२ मे २०१७ ला ते सुरू झालं आणि सुमारे १५० देशांत पोचलं. ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. विंडोजमधल्या ज्या भोकातून ते शिरलं ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. जवळजवळ दोन महिने ते उपलब्ध होतं आणि हजारो कार्यालयांत ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबलं जात होतं. विषारी अपडेट हा विरळा प्रकार आहे, न घेतलेलं अपडेट हा रोजचा.

आता पुन्हा पैशांकडे. कॉसमॉसच्या अडीच वर्षं आधी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर असाच घाला पडला होता. अमेरिकेच्या तपासानुसार सुरुवात झाली साध्या ईमेलपासून. नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या एका नम्र तरुणाचं पत्र आणि सोबत त्याची माहिती असलेली फाइल. कुणीतरी ती उघडली. मग हल्लेखोर महिनोन्महिने आत गप्प बसून बँकेचं कामकाज कसं चालतं ते पाहत राहिले. दिवस त्यांनी असा निवडला: गुरुवारी रात्री काम सुरू, शुक्रवारी बांगलादेशात सुट्टी, या बँकेचे पैसे जिथे ठेवलेले होते त्या न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवारी सुट्टी आणि पैसे जिथे न्यायचे होते त्या फिलिपिन्समध्ये सोमवारी चिनी नववर्षाची सुट्टी. व्यवहारांच्या नोंदी छापणारा प्रिंटरही त्यांनी बंद पाडला होता. सकाळी कर्मचाऱ्यांना वाटलं, प्रिंटर बिघडलाय. हल्लेखोरांनी एकूण ९५ कोटी १० लाख डॉलरची मागणी केली होती, त्यातले ८ कोटी १० लाख फिलिपिन्समध्ये पोचले आणि त्यातले बहुतेक हाती लागेनासे झाले. श्रीलंकेकडे निघालेले दोन कोटी मात्र वाचले, कारण ‘फाउंडेशन’ या शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं आणि वाटेतल्या एका बँकेतल्या कुणाला तरी ते खटकलं.

त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. कागद समोर आला, सगळं रीतसर होतं, तरी त्याने विचारलं, ‘हे बरोबर आहे ना?’ आपल्याकडच्या बँकांत या सवयीला एक नावही आहे: मेकर-चेकर. व्यवहाराची नोंद एकाने करायची आणि दुसऱ्याने स्वतंत्रपणे तपासून मंजूर करायची. मेकरने स्वतःच चेकर व्हायचं नाही, मग तो कितीही प्रामाणिक असो. मला विचाराल तर सायबर सुरक्षेतला सगळ्यात शहाणा विचार हाच आहे आणि तो संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. टू-स्टेप व्हेरिफिकेशन म्हणजे दुसरं काय? पासवर्ड हा मेकर, फोनवर येणारा कोड हा चेकर.

कॉसमॉस आणि बांगलादेश, या दोन्ही हल्ल्यांचे धागे उत्तर कोरियाशी जोडले गेले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात कॉसमॉसचा उल्लेख त्याच संदर्भात केला. म्हणजे एका सहकारी बँकेसमोर एका देशाची फौज उभी होती, असं म्हणावं लागेल. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवलं. ही भारतातल्या एटीएमवर कार्डं घेऊन गेलेल्या साखळीतली माणसं. खोटा स्विच बांधणारे हात या न्यायालयासमोर कधी आलेच नाहीत.

बँकेचं झालं. आपला यात संबंध काय, असं वाटत असेल तर आमच्या शेजारच्या काकांची गोष्ट सांगते. काका शाळेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. एके दुपारी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला की तुमच्या स्कूटरचं चलन थकलं आहे. खाली स्कूटरचा नंबर होता, तो अगदी बरोबर होता. सोबत चलनाची म्हणून एक फाइल. काकांनी ती उघडली. एक अ‍ॅप बसलं, त्याने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, काकांनी ‘अलाऊ’ दाबलं. पाचशे रुपये दंड भरण्यासाठी कार्डाचा नंबर मागितला, तोही दिला. रात्री दोन वाजता खात्यातून रक्कम गेली. ओटीपी आले होते, पण ते काकांच्या आधी त्या अ‍ॅपने वाचले आणि पुढे पाठवले.

कॉसमॉसचा खोटा स्विच आणि काकांच्या फोनमधलं ते अ‍ॅप, दोघांचं काम एकच. खऱ्या मालकाच्या नावाने परस्पर ‘हो’ म्हणायचं. फरक एवढाच की बँकेत चोर चोरून शिरले आणि काकांकडे त्यांनी दार वाजवलं. स्कूटरचा नंबर त्यांना कुठून कळला? इथे ती पहिली वाट येते. कुठल्या तरी यादीतून आपलं नाव, मोबाइल, गाडी, विम्याची तारीख बाहेर गेलेली असते. तेवढ्याने थेट पैसे जात नाहीत, पण पुढच्या खोटेपणाला खरेपणाचा वास येतो. म्हणून समोरच्याला आपल्याबद्दल खरी माहिती आहे, हा तो खरा असल्याचा पुरावा धरू नका. चलन आहे का हे बघायचं तर परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर आपण स्वतः जाऊन गाडीचा नंबर टाकायचा. निरोपातून आलेल्या वाटेने जायचं नाही. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरं असतील तर ते पत्र नाही, फोटो नाही, लग्नाची पत्रिकाही नाही. तो प्रोग्रॅम आहे आणि तो उघडणं म्हणजे अनोळखी माणसाला घरात राहायला बोलावणं.

यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी किंवा शिल्लक पाहण्यासाठी असतो. पैसे घेण्यासाठी तो कधीच लागत नाही. ‘तुमचे पैसे जमा करतो, पिन टाका’ हे वाक्य ऐकलं की फोन ठेवायचा. ईमेलचा पासवर्ड बँकेच्या पासवर्डइतकाच जपायचा, कारण बाकी जवळजवळ सगळे पासवर्ड बदलण्याच्या लिंका तिथेच येतात. पासवर्ड लांब असावा, आपल्यालाच सुचलेले चारपाच असंबद्ध शब्द ओळीने लिहिले तरी चांगला होतो. आणि तो दुसरीकडे वापरू नये. घरातल्या वहीत पासवर्ड लिहून ठेवू नका असं सांगितलं जातं. मला ते सरसकट पटत नाही. सत्तरीतल्या माणसाने दहा ठिकाणी एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा दहा वेगळे ठेवून कपाटातल्या वहीत लिहिणं कितीतरी सुरक्षित, कारण हाँगकाँगमधला चोर कपाटापर्यंत येत नाही.

‘डिजिटल अटक’ म्हणून जे चाललं आहे त्यात तर मेकर-चेकरची गोष्ट लख्ख दिसते. पोलिसांचा वेश घातलेला माणूस व्हिडिओ कॉलवर सांगतो की तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही आणि कुणाशी बोलायचं नाही. भारतीय कायद्यात अशी अटक नाही. पण घाबरलेल्या माणसाला कायदा आठवत नसतो. त्यातली ‘कुणाशी बोलायचं नाही’ ही अट नीट पाहा. सगळा डाव तिच्यावर उभा आहे. मुलीला, शेजाऱ्याला, बँकेतल्या ओळखीच्या माणसाला एक फोन गेला तर चेकर जागा होतो. म्हणून आमच्या घरी ठरलं आहे: रक्कम मोठी असेल किंवा घाई कुणी दुसरा करत असेल, तर घरातल्या आणखी एकाला सांगितल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. हा नियम आई-बाबांसाठी आहे तसाच माझ्यासाठीही आहे. फक्त म्हाताऱ्यांवर लादलेला नियम ते पाळत नाहीत, आणि का पाळावा?

नुकसान कुणाचं, या प्रश्नाचं उत्तरही शेवटी ‘हो’ कुणी म्हटलं यावर येऊन ठेपतं. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला काढलेल्या परिपत्रकानुसार चूक बँकेची असेल तर ग्राहकावर कसलीही जबाबदारी नाही. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, गडबड मधल्या यंत्रणेत कुठेतरी, अशा वेळी बँकेकडून व्यवहाराची सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तरी जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजाचे दिवस लावले तर काही मर्यादेपर्यंत भार ग्राहकावर येतो. पण पिन, ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. त्यामुळे चूक आपलीच असली तरी कळवण्यातला प्रत्येक तास मोलाचा असतो.

काकांनी चार दिवस कुणालाच सांगितलं नाही. वर्गात पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं आणि आपण असे फसलो, ही लाज त्यांना खात होती. चोरांचा यावरही हिशेब असतो. चोरलेले पैसे आधी भाड्याने घेतलेल्या खात्यांत, ज्यांना म्यूल खाती म्हणतात, जातात. तिथून लगेच आणखी चारपाच खात्यांत फुटतात आणि मग एटीएममधून रोख निघते. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर मधल्या खात्यांत असलेली रक्कम गोठवता येते. चार दिवसांनी गोठवायला फारसं काही उरत नाही. काकांना म्हणून मी तेव्हा आणि नंतरही एकच सांगत राहिले की जिथे एका देशाची मध्यवर्ती बँक फसली तिथे तुम्ही फसलात यात लाजण्यासारखं काही नाही.

असं कुणाच्या बाबतीत झालं तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करायचा, बँकेला कळवून कार्ड आणि नेटबँकिंग बंद करून घ्यायचं आणि गृह मंत्रालयाच्या सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवायची. फोन करताना खाते क्रमांक, गेलेली रक्कम, दिवस आणि वेळ, आणि बँकेच्या एसएमएसमध्ये किंवा यूपीआय अ‍ॅपच्या नोंदीत दिसणारा बारा अंकी व्यवहार क्रमांक जवळ असू द्या. आलेला निरोप, फाइल, समोरच्याचा नंबर पुसून टाकू नका, त्यांचे स्क्रीनशॉट घ्या. घातक अ‍ॅप बसलेला फोन लगेच इंटरनेटवरून तोडा आणि १९३० ला शेजारच्या फोनवरून लावा.